आवडीचं काम, मुक्काम पोस्ट जुन्नर

शनिवारी सकाळी पुणे-नाशिक रस्त्यावर दोन वेगवेगळे लोंढे दिसतात. पुण्याकडून वर येतात त्या हिंजवडी-खराडीच्या गाड्या. मागे सॅक, पुढे गुगल मॅप, आणि मुक्काम शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री-ओझर नाहीतर भीमाशंकर. खाली जातात त्या चाकणच्या कारखान्यांच्या बसगाड्या आणि त्यांच्या मागेपुढे मंचर-नारायणगावकडच्या पोरांच्या मोटारसायकली. वर येणाऱ्या गाडीत मंचर यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, ‘कंटाळा आला यार, सोडून द्यावं सगळं आणि इकडे येऊन काहीतरी करावं.’ खाली जाणाऱ्यांचं म्हणणं असतं, शेतीत काही राम राहिलेला नाही, कंपनीत एकदा परमनंट झालं की सुटलो. प्रत्येकाला दुसऱ्याच्या ताटातलं हवंय. आणि ‘काहीतरी’ म्हणजे नक्की काय, हे दोघांनाही नीट सांगता येत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारी-शेजारी असलेले दोन तालुके या विषयावर बोलायला सोयीचे आहेत, ते केवळ या रस्त्यामुळे नाही. काम बदललेली, कामात आयुष्य ओतलेली आणि काम बदलावंच लागलेली, अशी तिन्ही तऱ्हेची माणसं इथे आहेत. ‘मनाचं ऐका, आवडीचं काम शोधा’ असं सांगणाऱ्या पुस्तकांची शहरातल्या दुकानांत रास लागलेली असते. ती पुस्तकं एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: आवडीच्या कामाचा खर्च कोणी ना कोणी भरत असतो. कधी सरकार, कधी घरातलं दुसरं माणूस, कधी सावकार. हा भरणारा कोण, एवढं एकच बघत या दोन तालुक्यांतून फिरलं तरी बरंच काही हाती लागतं.

नारायणगावहून खोडदकडे वळलं की उसाच्या आणि कांद्याच्या वावरांमधून एकदम पांढरट जाळीच्या प्रचंड तबकड्या डोकं वर काढतात. ही जीएमआरटी, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. जागा इथे निवडली, कारण पुणं जवळ असूनही रेडिओलहरींचा मानवी गोंगाट इथे कमी होता आणि भोवतालचे डोंगर तो आणखी अडवत होते. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन आणि खर्च दोन्ही हाताबाहेर गेले असते. म्हणून ताणलेल्या तारांवर बारीक पोलादी जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो, लहरी मात्र परावर्तित होतात. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना.

स्वरूप रेडिओ-खगोलशास्त्राकडे कसे वळले ते बघण्यासारखं आहे. १९२९ चा जन्म, १९५० मध्ये अलाहाबादहून एम.एस्सी., मग दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत नोकरी. काम चुंबकत्वाशी संबंधित, आकाशाशी त्याचा काही संबंध नाही. १९५२ मध्ये त्यांचे वरिष्ठ के. एस. कृष्णन सिडनीतल्या एका परिषदेला गेले आणि तिथल्या रेडिओ-खगोलशास्त्राने भारावून परतले. स्वरूपांनी ग्रंथालयात बसून ऑस्ट्रेलियन संशोधकांचे निबंध वाचून काढले आणि १९५३ मध्ये स्वतःच सिडनीला गेले. म्हणजे मुळात ही साहेबांची आवड. लहानपणी गच्चीवर तारे मोजत पडलेला मुलगा वगैरे काही शोधायला जाऊ नये.

पुढचा भाग तर कारकुनी आहे. सिडनीत सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या मोडीत निघणार होत्या. त्या भारताला द्या, अशी विनंती स्वरूपांनी केली. ऑस्ट्रेलियाने ती मानली, पण वाहतुकीचा खर्च कोणी करायचा यावर घोडं अडलं. तबकड्या येईनात, तेव्हा स्वरूप अमेरिकेला गेले आणि स्टॅनफर्डहून पीएच.डी. करून मोकळे झाले. परदेशातल्या त्यांच्यासह चार भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांनी मिळून मायदेशी पत्रं लिहिली, होमी भाभांनी तत्काळ बोलावलं, आणि १९६३ मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. त्या मोडीतल्या ३२ तबकड्या अखेर कल्याणजवळ उभ्या राहिल्या. मग १९७० मध्ये उटीची दुर्बीण आली, आणि ऐंशीच्या दशकात जीएमआरटीची कल्पना. तिला मंजुरी मिळाली तेव्हा स्वरूप साठीच्या उंबरठ्यावर होते. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर ते या कामातून मनाने कधी निवृत्त झालेच नाहीत. इथे खर्च भरला सरकारने, आणि सलग काही दशकं भरला. अशी पाठराखण मिळालेला माणूस विरळाच. पण वाट पाहण्याचा, पत्रापत्रीचा आणि अडलेल्या कागदांचा काळ त्यांच्याही वाट्याला आला. आवडीच्या कामातला मोठा हिस्सा नावडत्या कामाचा असतो, हे खोडदच्या त्या जाळीकडे बघताना कोणाच्या लक्षात येत नाही.

याच जीएमआरटीमुळे या भागाला आणखी एक माणूस मिळालं. रमणा अत्रेय हे खगोलशास्त्रज्ञ इथे काम करत होते. त्यांच्या पत्नी विद्या अत्रेय त्यांच्याबरोबर या भागात राहायला आल्या. शिक्षण परिसंस्थाशास्त्रातलं, त्यातली परदेशी पदवी गाठीशी. पण बिबट्या हा काही त्यांचा विषय नव्हता.

बिबट्या तेव्हा जुन्नरचा विषय झाला होता. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, यांचं पाणी कालव्यांतून फिरलं, उसाची शेतं उभी राहिली आणि त्या उसात बिबट्याने घर केलं. आत लपायला दाट आडोसा, बाहेर कुत्री, शेळ्या, डुकरं. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. वनखात्याचा उपाय सरळ होता: पिंजरा लावा, बिबट्या पकडा, लांब जंगलात नेऊन सोडा. गावाला हायसं वाटे. पण हल्ले थांबत नव्हते.

अत्रेयबाईंनी साधा प्रश्न विचारला. पकडून सोडलेला बिबट्या पुढे जातो कुठे? त्यासाठी तो ओळखता आला पाहिजे. मग पकडलेल्या प्रत्येक बिबट्याच्या शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची, नोंद ठेवायची, पुढे कुठल्याही पिंजऱ्यात बिबट्या सापडला की यंत्र फिरवून बघायचं हा नवा का जुना. काम असं की वर्णन करताना रोमांचक वाटावं आणि करताना रजिस्टर भरण्यासारखं वाटावं. वनरक्षकांकडून जुन्या नोंदी मिळवायच्या, गावोगावच्या हल्ल्यांच्या तारखा जुळवायच्या, कुठल्या पिंजऱ्यातला बिबट्या कुठल्या घाटात सोडला ते कागदावर आणायचं.

त्यातून निघालं ते गावकऱ्यांच्या आणि खात्याच्याही समजुतीला धक्का देणारं होतं. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे उचलून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं आणि आपल्या जागेकडे परत निघतं. उपाय म्हणून जे चाललं होतं, तेच दुखणं वाढवत होतं. हे निष्कर्ष मांडणारा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २००७ मध्ये पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे यांच्याबरोबर त्यांनी माणूस-बिबट्या संघर्ष कसा हाताळावा याची पुस्तिका काढली होती. शेजारच्या अकोले तालुक्यात पुढे त्यांनी केलेल्या अभ्यासात, एकही जंगल नसलेल्या भरवस्तीच्या शेतीमुलखात दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ मोठे बिबटे निघाले. जंगलातून ‘भरकटून’ आलेले हे पाहुणे नव्हते. ते इथलेच रहिवासी होते.

आणि मग ‘आजोबा’. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो तिथे थांबला नाही. घाट उतरला, रेल्वेमार्ग आणि रस्ते ओलांडले, आणि सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलात पोचला. वाटेत त्याने माणसाला नख लावलं नाही. दोन वर्षांनी मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये ‘आजोबा’ हा चित्रपट केला. अत्रेयबाईंवर बेतलेली भूमिका उर्मिला मातोंडकरने केली.

ही गोष्ट करिअर-बदलाच्या साच्यात घालून सांगणं सोपं आहे: बाई गावात आली, बिबट्याने हाक दिली, आयुष्य बदललं. प्रत्यक्षात झालं ते जास्त साधं आणि मला जास्त पटणारं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे घर चालत होतं, हाताशी शिक्षण होतं, आणि दाराबाहेर एक प्रश्न होता ज्याचं उत्तर कोणी नीट शोधत नव्हतं. आवड शोधायला त्या लांब कुठे गेल्या नाहीत. राहत्या जागेवरून जो प्रश्न दिसत होता तोच त्यांनी उचलला आणि तो किचकट झाला तेव्हाही सोडला नाही.

रमणा अत्रेय यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. पक्षिनिरीक्षण हा त्यांचा नाद. अरुणाचलातल्या ईगलनेस्ट परिसरात त्यांना एक अनोळखी पक्षी दिसला. २००६ मध्ये ‘बुगुन लिओसिकला’ या नावाने तो विज्ञानात नोंदला गेला. स्वतंत्र भारतात एवढा ठळक, नवा पक्षी सापडणं ही मोठी बातमी होती. आणि त्याचं वर्णन करण्यासाठी पक्षी न मारता जाळ्यात धरून, थोडी पिसं घेऊन सोडून दिला, हे पक्षिशास्त्राच्या जुन्या रिवाजाला सोडून. पण या नादासाठी त्यांनी खगोलशास्त्राला रामराम ठोकला नाही. दोन्ही चालू ठेवलं. नाद आणि नोकरी एकच असली पाहिजे, हा हट्ट अलीकडचा आहे आणि त्याने बऱ्याच जणांचं नुकसान केलंय असं माझं मत आहे.

शनिवारच्या गाडीतल्या स्वप्नाचं नाव बहुतेक वेळा कृषी पर्यटन असतं. ते हवेतलं नाही. आयटी क्षेत्रातली विक्रीची नोकरी सोडून पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ पळशीवाडीत या कल्पनेला आकार दिला. जुन्नर तालुक्यात राजुरीचं पराशर केंद्र नावारूपाला आलं, द्राक्ष महोत्सव सुरू झाले, २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका जाहीर केलं आणि २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणही आलं. चुलीवरची भाकरी, पिठलं, मासवडी, हुरडा, बैलगाडी, द्राक्षबागेत फेरी, दुपारी शिवनेरी. पाहुणा खूश होऊन जातो.

अडचण अशी की हे चालवणारा मूळचा शेतकरी असतो, आणि पाहुणा गेला तरी त्याची शेती चालूच असते. पर्यटन त्याच्या उत्पन्नातला एक पाय आहे. शहरातून येणाऱ्याला हा एकच पाय दिसतो. त्यात महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. नावावर सात-बारा नसलेल्या माणसाची पहिली भेट स्वप्नाशी होत नाही, तलाठ्याशी होते. आणि शेतीचा हिशेब बघायचा तर नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभं राहावं. पावसाळ्यात इथे वीस किलोच्या क्रेटच्या भिंती उभ्या राहतात. जुलै २०२३ मध्ये त्या एका क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला. जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या लखपती-कोट्यधीश होण्याच्या बातम्या देशभर झळकल्या. ज्यांनी त्या बातम्या वाचून लागवड केली, त्यांचा माल बाजारात येईतो भाव पार कोसळले होते. दोन हजारांची बातमी सगळ्यांनी वाचली. पडलेल्या भावाचा पत्ता बाजारातल्या माणसांनाच.

म्हणून ज्याला खरंच यायचंय त्याने डिसेंबरात येऊन निर्णय घेऊ नये. डिसेंबरात कोणालाही जुन्नर आवडतं. मे महिन्यात टँकरच्या वेळी यावं, जुलैत फवारणीच्या वेळी यावं, रात्रीच्या वीजपाळीत पंप चालू करायला उसातून जावं, तेही त्या उसात बिबट्या असू शकतो हे ठाऊक असताना. त्यानंतरही वाटलं तर गोष्ट वेगळी.

आता नारायणगावची दुसरी ओळख. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे राहुट्या लागतात. राज्यभरचे तमाशाचे फड आपापल्या कापडी कचेऱ्या थाटतात. वर फडाचं नाव, आत एक टेबल, प्लास्टिकच्या चार खुर्च्या, कलावंतांचे फोटो लावलेला फलक, आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिटीची मंडळी जीपमधून उतरतात. डोक्यावर टोप्या, कपाळाला बुक्का, एकाच्या खिशात गावाच्या वर्गणीची रक्कम. या राहुटीतून त्या राहुटीत फिरून भाव काढला जातो. यंदा नाचायला कोण आहे, वग कुठला, गाड्या किती, यात्रेची तारीख मोकळी आहे का. चहा येतो, घासाघीस होते, सुपारी ठरते आणि वहीत तारीख पडते. एका-एका रात्रीचं मोल असं उघड्यावर ठरताना बघायचं तर नारायणगावला यावं. तमाशाची पंढरी म्हणतात ती उगीच नाही.

या पंढरीचं सर्वांत मोठं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूरचा. वडील-चुलत्यांचा, म्हणजे भाऊ-बापूंचा फड घरचा. चालायला लागल्यापासून पायात चाळ. १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. गरोदरपणी बोर्डावर उभ्या असताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला गेल्या, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते आणि सांगणारा दरवेळी थक्क होतो. मला ती ऐकताना थक्क व्हायच्या आधी राग येतो. त्या रात्री खेळ थांबवायची मोकळीक त्या बाईला नव्हती, हा त्या कथेचा पहिला अर्थ आहे. कलेवरची निष्ठा त्यानंतर येते.

विठाबाईंचं कामावर प्रेम होतं यात शंका घ्यायला जागा नाही. एवढी वर्षं एवढ्या ताकदीने नाचणं-गाणं बळजबरीने होत नाही. पण हे काम त्यांनी निवडलं नव्हतं. जातीने आणि घराने ते जन्मतःच पदरात घातलं होतं. आणि त्याचा खर्च भरला तो त्यांनीच. शेवटचे दिवस हलाखीत गेले, १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि नावारूपाला आणला.

फड चालवणं म्हणजे काय, हे आकडेमोडीत कळतं. दसऱ्याला फड बाहेर पडण्याआधी कलावंतांना उचल द्यावी लागते, ट्रक, तंबू, जनरेटर, आवाजाची यंत्रणा उभी करावी लागते. पैसा सावकाराचा. फेडायचा यात्रांच्या सुपाऱ्यांतून. पाऊस आला, निवडणूक लागली, गावात मयत झाली की खेळ रद्द. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाने यात्राच बंद पाडल्या, तेव्हा व्याज मात्र बंद पडलं नाही. बोर्डावर नाव गाजवलेली माणसं शेतमजुरीला गेली, भाजी विकायला बसली. तोही कामाचा बदलच. फक्त त्यावर कोणी प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं नाही.

तमाशातली काही मुलं आता शिकून बाहेर पडतात. त्यांनी परंपरा सोडली म्हणून हळहळणारे लेख दिवाळी अंकांत येत असतात. लेखकाच्या मुलाने तमाशात जावं, असं मात्र त्या लेखांत कुठे म्हटलेलं नसतं.

आंबेगाव तालुक्याला ज्या गावावरून नाव पडलं ते आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, बाजार मंचरला भरतो. घोड नदी अडली आणि पश्चिम भागातल्या महादेव कोळी कुटुंबांच्या भाताच्या खाचरांवर पाणी चढलं. खालच्या अंगाला, पूर्वेकडे, ऊस उभा राहिला. वरच्या लोकांनी काय करायचं, याचा विचार धरणाच्या आराखड्यात फारसा नव्हता.

कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या माध्यमातून इथे वर्षानुवर्षं काम केलं. बाहेरून आलेल्या या दोघांनी आयुष्याचं काम इथे शोधलं, हा या लेखाच्या विषयात चपखल बसणारा भाग. पण इथे जास्त बघण्यासारखे आहेत ते धरणग्रस्त. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर त्यांनी पीक घेतलं. डोंगरउतारावर दगडांचे बांध रचून, माती अडवून पायरीपायरीने नवी खाचरं काढली. त्याला इथे पडकई म्हणतात, आणि ती एकट्याने होत नाही, आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबून होते. खाचर तयार झालं तरी भाताला पुरेशी माती धरायला काही पावसाळे जावे लागतात. हिरडा गोळा करणं चालूच होतं. आणि काही जण मासेमार झाले.

पिढ्यान्‌पिढ्या डोंगर कसणाऱ्या माणसाने पन्नाशीला टेकताना होडी वल्हवायला शिकणं म्हणजे काय, हे जरा थांबून बघण्याजोगं आहे. नदीच्या डोहात मासे धरणं वेगळं आणि खोल जलाशयात जाळी लावणं वेगळं. रात्री जाळी सोडायची, पहाटे काढायची, वारा फिरला तर होडी कुठल्या काठाला लावायची ते कळायला हवं. फाटलेली जाळी काठावर बसून विणायची. बीज सोडायचं, वाढेपर्यंत धीर धरायचा, मासा निघाला की ऊन चढायच्या आत बाजार गाठायचा. आदिवासींची मच्छीमार सोसायटी झाली, जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवण्यासाठी सरकारदरबारी खेटे घातले गेले, मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने पिंजऱ्यात मत्स्यबीज वाढवण्याचं शास्त्र आणून दिलं. आपलीच जमीन बुडवणाऱ्या पाण्यावर पोट भरायला शिकलेली ही माणसं.

त्यांच्याबद्दल बरंच लिहून ठेवलेलं आहे: किती सभासद, किती बीज, किती मासळी, ठेक्याचं काय झालं. हे काम आता त्यांना आवडायला लागलंय का, हा प्रश्न कुठल्या अहवालात विचारलेला माझ्या वाचनात नाही. त्यांच्या पुढच्या पिढीतली काही पोरं घोडेगावच्या कॉलेजात जातात. चाकणची बस त्यांनाही धरायची आहे, आणि सोसायटीची होडी चालवायला घरात कोणीतरी मागे राहायला हवं, यावर कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणाला बोलणं निघत असणार.